वरच्या मजल्याने हवा काढून द्यावी

गेल्या वर्षीच्या आश्विनातली एक वादळी दुपार, ज्या दुपारी आमच्या गच्चीवरचा पाइप पहिल्यांदा ‘रडला’ असे सांगितले जाते: जबाबदार, वारा; म्हणजे कोणीच नाही. त्यानंतरचा रविवार, ज्या दिवशी त्या पाइपाच्या तोंडावर बूच बसवण्याचा ठराव झाला: जबाबदार, ठराव मांडणारे म्हणून आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, आणि अनुमोदक म्हणून हात वर करणारे सर्व सभासद. माझा विरोध इतिवृत्तात नोंदलेला आहे. तुळशीच्या लग्नाचा आठवडा, ज्यात बाथरूमांच्या मागच्या डक्टवर, कबुतरे नकोत म्हणून, वरून पत्रा टाकला गेला: जबाबदार, तेच अध्यक्ष, या खेपेस ठरावाशिवाय. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, ज्या दिवशी सर्वांत वरच्या मजल्यावर गॅस गिझर बसला: जबाबदार, तो बसवणारा माणूस, ज्याने भिंत पाहिली आणि खिडकीकडे पाहिले नाही. आणि दत्तजयंतीची पहाट. तिच्यापुढे नाव लिहिणे मला अशक्य नव्हते. पण आरोप करणे निराळे आणि उत्तर मिळणे निराळे, हे दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत उमेदीची सारी वर्षे घालवून मी शिकलो आहे. म्हणून ती जागा मी मोकळी ठेवली आहे. उत्तर ज्याने द्यायचे, त्यानेच ती भरावी.

यंदाची थंडी आली, ती खोबरेल तेलाच्या बाटलीतून. सकाळी सौ.ने बाटली उलटी केली, तळव्यावर काहीच पडले नाही. आत पांढरे, घट्ट, गोठलेले. “आली,” ती म्हणाली. एरवी ‘आली’ या शब्दात आमच्या घरी आनंद असे. नाशिकची थंडी ही अभिमानाने मिरवायची गोष्ट. पाहुण्यांना सांगायचे, निफाडला बघा काय कडाका असतो, द्राक्षबागांत शेतकऱ्यांना पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. गच्चीवर गेले की पांडवलेणीचा डोंगर धुक्यात नाहीसा झालेला, पाथर्डी फाट्याकडची रहदारी फक्त आवाजाने ओळखायची, आणि हवेत जळक्या पाल्याचा, थोडा गोड, थोडा घशाला लागणारा धूर. या साऱ्यावर माझे प्रेम होते. यंदा ‘आली’ म्हणून सौ. बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. आम्ही दोघेही बाथरूमच्या भिंतीकडे कान देऊन होतो.

आवाज सुरू झालेला होता.

आधी नखाने टिचकी मारल्यासारखा. मग थोडा वेळ काही नाही. मग घोट गिळल्यासारखा, फरशांच्या मागे, माझ्या खांद्याच्या उंचीवर. आणि मग तो लांबलचक, आत ओढलेला श्वास, जो संपतो कधी याची आपण वाट पाहत राहतो, आणि जो सुटत नाही.

हा आवाज कशाचा, हे मी कोणालाही समजावून देऊ शकतो. आमच्या गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारी सोलरची यंत्रणा आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटी होते. ती बाहेर पडावी म्हणून तापलेल्या पाण्याच्या टाकीवर एक उभा, उघड्या तोंडाचा पाइप असतो. तो पाइप म्हणजे यंत्रणेचे नाक. नाक उघडे असेल तर हवा वर जाते आणि पाणी खाली येते. नाक बंद केले की हवा नळांत उतरते, वळणावळणांवर दडून बसते, आणि पाण्याची वाट अडवते. यात गूढ काही नाही. असे मी म्हणतो, आणि तरी त्या आवाजाच्या वेळी बाथरूमचे दार लावून आत उभा राहत नाही.

गेल्या वर्षी आश्विनातल्या त्या दुपारी वारा फार होता. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर येतो तसा आवाज त्या पाइपातून आला. फक्त बाटली दोन पुरुष उंचीची होती. एखादी बाई दाराआड तोंडात पदर कोंबून रडते आहे, असे तळमजल्यावरच्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष एका वास्तुसल्लागारांना गच्चीवर घेऊन आले. त्या गृहस्थांनी होकायंत्र काढले, डोळे मिटले, आणि इमारतीच्या मस्तकावर उघडे तोंड असणे अशुभ, असा निर्णय दिला.

सभेत मी उभा राहिलो. “अहो, ते तोंड नव्हे, नाक आहे,” मी म्हणालो. “मेलेल्या माणसाच्या नाकात कापसाचे बोळे घालतात. जिवंत घराच्या नाकात बोळा घालण्याचा ठराव कोणत्या नियमाखाली करताय?”

सभा हसली. अध्यक्ष तर फार मोकळेपणाने हसले. ते वाईट गृहस्थ नाहीत. कोणाच्याही घरी आजारपण आले की आधी त्यांची गाडी दारात उभी राहते. “काका, तुमचा मुद्दा आला नोंदीत. पण लोकांना झोप लागत नाही हो. बायका घाबरतात. एक छोटंसं बूच बसवलं तर कोणाचं काय बिघडतं?”

कोणाचं काय बिघडतं. हे वाक्य मी प्रश्न म्हणून ऐकले होते. ते प्रश्न म्हणून विचारलेलेच नव्हते.

गच्चीवरचे रडणे थांबले. आठवडाभरात भिंती बोलू लागल्या. ज्या आवाजाला उघड्या आभाळाखाली कोणी सहन केले नाही, तो आता प्रत्येकाच्या न्हाणीघरात, साबणाच्या खोबणीमागे येऊन राहिला. नळ सोडला की आधी खोकला, मग थुंकी, मग पुन्हा काही नाही. गरम पाणी येईना. एका नळदुरुस्ती करणाऱ्याने उपाय सांगितला: सर्वांत वरच्या घराने पहाटे आधी नळ सोडायचा, तोटीवर तळवा दाबून गार पाण्याचा जोर उलटा द्यायचा, अडकलेली हवा बाहेर काढायची, मग खालच्यांना पाणी मिळेल. सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला: ‘वरच्या मजल्याने रोज सकाळी हवा काढून द्यावी. सहकार्य अपेक्षित.’

वरचा मजला म्हणजे रोहिणी.

ती घोटीची. अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती, बनवलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचे काम. एकटी राहत असे. कंपनीची बस लवकर येई, म्हणून इमारतीत सर्वांआधी तीच उठे. आणि म्हणून हे काम तिच्याकडे जावे यात कोणालाही अन्याय दिसला नाही. तिचे बाथरूम माझ्या बाथरूमच्या बरोबर वर. दोन्हींच्या खिडक्या त्याच अरुंद डक्टमध्ये उघडणाऱ्या. अंधार असताना मी रिकामी बादली घेऊन उभा असे. वरून तो खोकला सुरू होई, नळ थुंकत, फुरफुरत, शिव्या दिल्यासारखा. मग एकदम सुरळीत धार. आणि डक्टमधून तिचा आवाज उतरे, “काका, आलं हो! बादली लावा!”

“लावली!”

“आज कोणावर खटला?”

“महापालिकेवर. पथदिव्यांबद्दल.”

“माझ्याकडून दोन वाक्यं जास्त लिहा. स्टॉपवर काही दिसत नाही.”

सौ. स्वयंपाकघरातून ओरडे, “रोहिणी, जाताना डबा घेऊन जा गं! भगर केलीय!”

“काकू, उपास आहे का आज?”

“उपास नाही, आळस आहे!”

त्या हिवाळ्याचा जो भाग मला परत हवा आहे, तो एवढाच आहे. डक्टमधून येणारी हाक, वाफेचा पहिला ढग, आणि ओळख नसलेली खालची माणसेही तिच्या हाकेवर बादल्या सरकवत असल्याचा खडखडाट.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात डक्टवर पत्रा पडला. त्या दिवसापासून तिच्या आवाजात फरक झाला. हाक तीच, शब्द तेच. पण वर आभाळ नसल्यामुळे आवाज जागच्या जागी फिरत राही, विहिरीत बोलल्यासारखा. ‘आलं हो’मधला ‘हो’ मागे उरे. ती बसला निघून गेल्यानंतरही कधी कधी मला तो ऐकू आल्यासारखा वाटे. सौ.ला मी हे सांगितले नव्हते. तिनेच एकदा विचारले, “तुम्हालाही येतो का ऐकू?”

हवा काढून देणाऱ्या घराला स्वतःला पाणी मिळत नसे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ती हवा काढी, खालचे सगळे नळ सोडत, पाणी खाली उतरे आणि मागून नवी हवा तिच्या नळात येऊन बसे. जिन्यात भेटली तेव्हा हसत म्हणाली, “काका, विभागणी सरळ आहे. सगळ्यांची हवा मला, माझं पाणी सगळ्यांना.” मी तिथल्या तिथे अर्जाचा मसुदा तोंडी सांगू लागलो. तिने हात जोडले. “अर्ज तुम्ही कराच. पण गार पाण्यानं अंघोळ करून मी इन्स्पेक्शन टेबलवर थरथरते हो. मापच चुकतं. गिझर लावतेय मी, गॅसचा. लगेच गरम होतं म्हणे.”

माझा अर्ज गेला. त्यात दोनच मागण्या होत्या: पाइपाचे बूच काढावे, डक्टवरचा पत्रा काढावा. उत्तर आले ते ग्रुपवर, सर्वांना उद्देशून: ‘विषय पुढील सभेत घेऊ.’ आणि शेजारी हात जोडल्याचे चित्र.

गॅस जळायला हवा लागते. पुरती हवा मिळाली नाही, धुराला वाट मिळाली नाही, तर तो असा वायू सोडतो ज्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही. सुस्ती येते, एवढेच. तिच्या बाथरूमला एकच खिडकी होती, काचपट्ट्यांची. ती डक्टमध्ये उघडे. आणि तिच्या हातभर वर तो पत्रा होता.

दत्तजयंतीच्या पहाटे मी बादली घेऊन उभा होतो. वर नळाचा खोकला झाला. फुरफुर झाली. मग धार लागली, आणि माझ्या तोटीतूनही पाणी आले. खरे तर त्या संपूर्ण हिवाळ्यात असे पाणी आले नव्हते. न थांबता, न थुंकता, कढत, भरघोस. भिंत शांत होती. मी हाकेची वाट पाहिली. “रोहिणी, आलं गं!” असे मीच वर सांगितले. माझा आवाज पत्र्याला लागून परत आला.

वर तिचा नळ चालूच होता. ती हवा काढत होती.

घराघरांत सणाच्या अंघोळी झाल्या. जिन्यात उदबत्तीचा वास आला. ग्रुपवर कोणीतरी लिहिले, ‘आज पाणी खूपच छान! धन्यवाद वरचा मजला.’ खाली आणखी काहींनी फुले टाकली. बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि बस निघून गेली. तेव्हा सौ. डबा हातात घेऊन वर गेली. तिने कडी वाजवली, हाका मारल्या. मग तिने वरूनच माझे नाव घेऊन मला हाक मारली. लग्नाला इतकी वर्षे झाली, तिने माझे नाव घेऊन कधी हाक मारली नव्हती.

दार फोडले तेव्हा आतला नळ वाहत होता. तो बंद केल्याबरोबर सबंध इमारतीच्या नळांनी एकदम आचका दिला.

तिच्या मृत्यूची नोंद अपघात अशी झाली. मी ती नोंद नाकारत नाही. अपघातालाही कारणे असतात, एवढेच म्हणतो. अध्यक्षांना मी जिन्यात विचारले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. “काका, बाथरूमचं दार आतून लावलेलं होतं,” ते म्हणाले. “आपण काय करणार?” मी म्हणालो, “अंघोळ करताना दार आतून लावतात, साहेब. तो गुन्हा नव्हे.” त्यानंतर ते माझ्याशी फक्त लेखी बोलतात.

घर बंद झाले. मीटर उतरवला, वरच्या नळांच्या चाव्या फिरवल्या. आणि तरीही, पौषात, संक्रांतीच्या आधी, तिच्या उठण्याच्या सुमाराला, माझ्या डोक्यावर खोकला होई. मग फुरफुर. मग तो ओढून घेतलेला श्वास. मी स्पष्टीकरण जाणतो: पहाटेच्या गारठ्यात नळ आखडतात, आतली हवा जागा बदलते, आणि हवेला घड्याळ नसले तरी गारठ्याला असते. हे स्पष्टीकरण बरोबर आहे. इमारतीत मात्र दुसरे स्पष्टीकरण फिरू लागले. “ती अजून हवा काढते,” असे बायका पाणवठ्यावर बोलावे तशा लिफ्टपाशी बोलत, आणि बोलताना आवाज खाली घेत. त्या श्वासानंतर काही घरांत पाणी येई. ती घरे तर त्यावर काहीच बोलत नसत. मुकाट्याने बादली भरत.

मग तिच्या नावाने शांती केली गेली. होम झाला, धूर जिन्यात भरला, पुरणाचा नैवेद्य गच्चीवर ठेवला. त्याच बूच मारलेल्या पाइपाच्या पायथ्याशी. मी खाली होतो. मला कोणाच्या श्रद्धेविषयी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की, मेलेल्या मुलीला शांत करायला इतकी माणसे वर गेली, आणि डोके वर करून त्या पाइपाकडे एकानेही पाहिले नाही.

या दिवाळीनंतर वरचे घर भाड्याने गेले. शुभांगी, तिचा नवरा आणि सासू, मूळ सटाण्याकडचे. सामान चढत होते तेव्हाच मी वर गेलो. गिझर होता तिथेच होता, पुसून चकचकीत केलेला. मालकाने ‘सोय’ म्हणून दाखवला होता.

“हा वापरू नका,” मी म्हणालो. “आजच काढा.” आणि का, ते सांगितले. शुभांगी तशीच खोक्यावर बसली.

“आम्हाला तर सांगितलं, आधीच्या मॅडम बदली होऊन गेल्या.”

“कोणी सांगितलं?”

“अध्यक्षांनी. आणि ग्रुपवर घेतल्याबरोबर हा मेसेजही टाकला.” तिने फोन पुढे केला. ‘वरच्या मजल्याने रोज सकाळी हवा काढून द्यावी. सहकार्य अपेक्षित.’ तेच शब्द. एक अक्षरही बदललेले नाही.

तिने त्याच दुपारी गिझर उतरवला. आता ती पातेल्यात पाणी तापवते. पण भिंतीला ते ठाऊक नाही. थंडी पडली, तेलाची बाटली गोठली, आणि तिसऱ्या प्रहरी तिची सासू माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हातारी बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिने माझ्या बाथरूमकडे बोट केले, मग वर, तिच्या घराकडे.

“या भितमा कोन शे, भाऊ?”

कोणी नाही, हवा आहे, असे उत्तर माझ्याजवळ तयार होते. सौ. पुढे झाली. तिने म्हातारीला बसवले, चहा ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सामाईक मालमत्तेला ठरावाशिवाय हात लावायचा नाही, माहीत आहे मला. तुमचा कायदा मी खाली धरून उभी राहते. तुम्ही शिडीवर चढा.”

भर उन्हात, लोक पाहत असताना, मी चढलो. लपवून काही केले नाही. खाली सौ.ने शिडी धरली होती, शुभांगी शेजारी होती. बूच गंजून बसले होते. पान्याने ते हलले, तेव्हा आधी एक बारीक शीळ आली. मग ते माझ्या हातातून उडाले, आणि पाइपातून हवा सुटली. मी पुष्कळ मृत्यूंपाशी बसलो आहे; शेवटचा श्वास कसा असतो ते मला माहीत आहे. हा तसा नव्हता. हा फार दिवस कोंडून ठेवलेला, कोमट, ओलसर श्वास होता. तो माझ्या चेहऱ्यावर आला, चष्मा धुरकटला, आणि तो संपेना. खाली मजल्यामजल्यांवर नळ बोलू लागल्याचे ऐकू आले, एकामागून एक, वरून खाली. शुभांगीच्या सासूने तिथल्या तिथे हात जोडले. मी शिडीवरच उभा राहिलो, तो थांबेपर्यंत.

त्या रात्रीपासून भिंती गप्प आहेत. वारा आला की पाइप रडतो. रडू द्या.

आता मला सोसायटीचे पत्र आले आहे. सामाईक मालमत्तेत ढवळाढवळ केली, रहिवाशांत घबराट पसरवली, सदनिकांची किंमत पडेल असे कथन नवीन भाडेकरूंपुढे केले. बूच पूर्ववत बसवावे, अन्यथा कारवाई. पहिला आरोप मला मान्य आहे. त्याची जी शिक्षा उपविधीत असेल ती मी उभा राहून घेईन. बूच मी बसवणार नाही, आणि दुसऱ्या कोणी बसवले तर पुन्हा काढीन. डक्टवरचा पत्राही मी त्याच दुपारी काढला; त्याचेही तसेच.

पण अध्यक्षमहाशय, माझ्यावरच्या कारवाईसाठी सभा तर बोलवावी लागेल. बोलवा. उत्तर मला बंद पाकिटात नको, ग्रुपवर नको, जोडलेल्या हातांचे चित्र तर मुळीच नको. पहिल्या रांगेत शुभांगी बसेल, तिची सासू बसेल, आणि घोटीहून यायला तयार झालेले रोहिणीचे आईवडील बसतील. त्यांच्यासमोर उभे राहा, इतिवृत्तात नोंद होईल अशा आवाजात बोला, आणि सांगा: रोहिणीची बदली कुठे झाली?